सार्वजनिक उद्यानाचा पुनर्विकास : राणीच्या बागेचा इतिहास आणि चाळीसगावसमोरील प्रश्न

१. प्रस्तावना

लहान शहराच्या नगरपरिषदेत उद्यान हा विषय सहसा कामकाजाच्या शेवटी येतो. पाणीपुरवठा, गटारे, रस्ते व दिवाबत्ती यांची तरतूद झाल्यावर काही शिल्लक राहिले तर बागेचा विचार होतो. गेल्या काही दशकांत मात्र ‘पुनर्विकास’ या शब्दाने या दुर्लक्षित विषयाला वजन प्राप्त झाले आहे. जुन्या बागेत सभागृह, कलादालन, अभ्यासिका, खुला रंगमंच, मुलांचे क्रीडागृह अशा सोयी उभारण्याचे आराखडे महाराष्ट्रातील अनेक नगरांत तयार होत असतात. या सोयींची गरज खरी आहे. तालुक्याच्या ठिकाणी नाटकाचा प्रयोग मंगल कार्यालयात करावा लागतो आणि स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी बसायला जागा शोधत फिरतो, हे आपण सर्वजण जाणतो. प्रश्न इतकाच की, या सोयी बागेत आल्यावर बाग कोणाची राहते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीने केला आहे. मराठी मुलखातील ज्या उद्यानाचा दीर्घ इतिहास उपलब्ध आहे आणि जेथे सांस्कृतिक वास्तूचे यशस्वी पुनरुज्जीवन व वादग्रस्त पुनर्विकास हे दोन्ही एकाच आवारात घडले, ते मुंबईतील भायखळ्याचे राणीची बाग हे उद्यान अभ्यासासाठी निवडले आहे. त्यावरून निघणारे निष्कर्ष चाळीसगावसारख्या शहराला कसे लागू पडतात, हे शेवटी पाहिले आहे. जमीन सार्वजनिक असणे आणि त्या जमिनीवरील सोय सार्वजनिक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या विवेचनाचे सूत्र आहे. पहिली गोष्ट कागदावर अबाधित राहूनही दुसरी हातातून निसटू शकते. या भेदाची सर्वांत कठोर साक्ष चाळीसगावच्याच इतिहासात आहे. म्हणून आरंभ तेथूनच करणे योग्य होईल.

२. चाळीसगाव, १९२९ : रस्ता आणि तांगा

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ठरावाला सहा वर्षे लोटल्यानंतर, १९२९ साली, अस्पृश्य व आदिवासी यांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले. धुळे भागातील चौकशी आटोपून परतताना, २३ ऑक्टोबर १९२९ रोजी, स्थानिक मंडळींच्या आग्रहावरून ते चाळीसगाव स्थानकावर उतरले.

पुढील प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदविला आहे. स्थानकावरून वस्तीपर्यंत त्यांना नेण्यास तांगेवाल्यांनी नकार दिला. पाहुण्याने पायी चालणे यजमानांना रुचेना. अखेर तांगा भाड्याने मिळाला, तांगेवाला मात्र मिळाला नाही. यजमानांपैकीच एकाने, ज्याला तांगा हाकण्याचा सराव नव्हता, लगाम हाती घेतला. नदीवरील लहान पुलावर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले, पायाचे हाड मोडले आणि तांगा घोड्यासह नदीत कोसळला.

या घटनेचा विचार सामाजिक इतिहासात अस्पृश्यतेचा प्रसंग म्हणून होतो आणि ते उचितच आहे. नागरी इतिहासाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक बोध आहे. स्थानकाबाहेरचा रस्ता सर्वांसाठी होता. त्यावरून चालण्यास बाबासाहेबांना कोणी अडविले नाही. अडले ते रस्त्यावरील सेवेपाशी. रस्ता सार्वजनिक होता, तांगा नव्हता. आणि तांग्यावाचून तो रस्ता त्यांच्यासाठी इतरांइतका सार्वजनिक उरला नाही. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे व करमणुकीची ठिकाणे यांतील प्रवेशाबरोबरच विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरातही धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून आडकाठी करण्यास मनाई केली. ‘सार्वजनिक राबता’ हा शब्दप्रयोग येथे महत्त्वाचा आहे. जागा सार्वजनिक ठरते ती मालकीच्या उताऱ्यावरून तितकी नव्हे, जितकी तेथील राबत्यावरून. जातीची आडकाठी आणि शुल्काची आडकाठी यांना एका मापाने मोजणे अनैतिहासिक ठरेल. तथापि, जागा मोकळी ठेवून तिच्यावरील सोय मूठभरांपुरती करता येते, हे तत्त्व उद्यानाचा आराखडा वाचतानाही ध्यानी धरावे लागते.

३. एकोणिसाव्या शतकातील बाग : उद्यान आणि ज्ञानसंस्था

राणीच्या बागेचा जन्मच एका स्थलांतरातून झाला. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यानविद्या संस्थेची बाग पूर्वी शिवडी येथे होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याच्या नव्या जागेतील ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’चे उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते झाले. बागेच्या आवारातच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची वास्तू उभी राहिली व २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. या संग्रहालयामागे डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचे परिश्रम होते. १८७३ साली बागेची व्यवस्था मुंबई नगरपालिकेकडे आली आणि १८९० च्या सुमारास तिला प्राणिसंग्रहालयाची जोड मिळाली.

याच काळात बडोद्यातही असाच प्रयोग झाला. विश्वामित्री नदीकाठच्या सयाजीबागेचे उद्घाटन ८ जानेवारी १८७९ रोजी झाले. ज्यांचे नाव या बागेला आहे ते महाराज सयाजीराव गायकवाड आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचे. १८७५ मध्ये ते दत्तक गेले. बाग खुली झाली तेव्हा ते अल्पवयीन होते व राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. पुढे सयाजीरावांच्या कारकिर्दीत, १८९४ साली, बागेतील संग्रहालयाची वास्तू पूर्ण झाली.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, उद्यानात सांस्कृतिक सोय असावी ही कल्पना आजची नाही. ती आपल्या सार्वजनिक उद्यानांच्या पायाभरणीतच आहे. त्यामुळे ‘बागेत झाडांखेरीज काहीही नको’ अशी भूमिका इतिहासाच्या आधारे घेता येत नाही. मात्र एक भेद नोंदविला पाहिजे. या दोन्ही बागांतील संग्रहालये बागेच्या हेतूशी सुसंगत होती. झाडे, प्राणी, खनिजे, कारागिरी यांचे ज्ञान सामान्य माणसाला चालता-फिरता व्हावे, हा हेतू बागेचाही होता आणि वास्तूचाही. वास्तू बागेत आली, पण तिने बागेला आपले आवार केले नाही.

४. एक यशस्वी पुनरुज्जीवन : संग्रहालय, २००३ ते २००८

स्वातंत्र्यानंतर बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे, तर संग्रहालयाला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. नाव मिळाले तरी वास्तूची हानी थांबली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही महत्त्वाची वास्तू जीर्णावस्थेत होती. फेब्रुवारी २००३ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान व ‘इंटॅक’ ही वारसा संवर्धन संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. जतनाचे काम सुमारे पाच वर्षे चालले. त्याला २००५ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांतील सर्वोच्च सन्मान लाभला आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा खुले झाले. त्यानंतर तेथे समकालीन कलेची प्रदर्शने, व्याख्याने, मुलांसाठी कार्यशाळा असे उपक्रम सुरू झाले.

या यशाची कारणे तपासली असता तीन बाबी ठळकपणे जाणवतात. पहिली, मालकी महापालिकेकडे राहिली; खासगी देणगी व तज्ज्ञांचे ज्ञान करारान्वये आत आले, मालक म्हणून नव्हे. दुसरी, बागेतील मोकळी जमीन न व्यापता आधीच्या वास्तूलाच नवजीवन देण्यात आले. तिसरी बाब आपल्याकडे हमखास दुर्लक्षित राहते : वास्तू दुरुस्त झाल्यावर ती चालविणार कोण, याची व्यवस्था आधीच ठरलेली होती. अभिरक्षक, कार्यक्रम आणि खर्च यांची तरतूद नसती, तर सोन्याचा मुलामा दिलेले खांब काही वर्षांत पुन्हा काळवंडले असते.

५. एक वादग्रस्त पुनर्विकास : २००७ चा आराखडा

त्याच आवारात जवळपास त्याच काळात दुसरी प्रक्रिया सुरू झाली. २००७ साली प्राणिसंग्रहालयाचा आंतरराष्ट्रीय धर्तीवर कायापालट करण्याचा आराखडा पुढे आला. परदेशी सल्लागारांनी तयार केलेल्या या आराखड्याचा अंदाजित खर्च चारशे कोटी रुपयांहून अधिक होता. राणीची बाग हे मुंबईतील वनस्पतींचे मोठे भांडार आहे; २८६ जातींची तीन हजारांहून अधिक झाडे तेथे नोंदविली गेली आहेत. उर्वशी, कैलासपती, गोरखचिंच यांसारखे वृक्ष पाहण्यासाठी वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या तेथे येत आले. नव्या बांधकामात या वृक्षसंपदेचे काय होणार, या चिंतेतून नागरिकांनी, त्यांत प्रामुख्याने काही महिलांनी, ‘राणीबाग वाचवा’ मोहीम उभी केली. त्यांनी वृक्षांची माहिती गोळा केली, निवेदने दिली, वारसा यादीतील या उद्यानाचा दर्जा अधिकाऱ्यांपुढे मांडला. मूळ आराखडा जसाच्या तसा अमलात आला नाही. त्याचा आवाका कमी करण्यात आला व काम टप्प्याटप्प्याने झाले.

पुढील टप्प्यात २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले पेंग्विन २०१७ च्या मार्चपासून लोकांना पाहावयास मिळू लागले. त्याच वर्षी ऑगस्टपासून प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आई-वडील व दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवण्यात आली. शुल्कवाढीच्या बाजूने युक्तिवाद होते. वातानुकूलित दालन, प्राण्यांची निगा व स्वच्छता यांस पैसा लागतो, आणि इतर महानगरांतील प्राणिसंग्रहालयांच्या तुलनेत ५ रुपये नगण्यच होते. गर्दीही ओसरली नाही. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. भायखळा, लालबाग, परळ हा गिरणगावचा परिसर. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला रविवारी पाय पसरून बसण्याची जी थोडी ठिकाणे होती, त्यांत ही बाग होती. अशा कुटुंबाला पेंग्विन पाहायचे नसून नुसते झाडाखाली बसायचे असेल, तरीही नव्या सोयीची किंमत त्याच फाटकावर मोजावी लागू लागली. जमीन महापालिकेचीच होती व आहे. बदलला तो राबता.

येथे चाळीसगावच्या तांग्याची आठवण होते. दोन घटनांतील अन्यायाचे स्वरूप सर्वस्वी वेगळे. परंतु सोयीच्या व्यवस्थेतून सार्वजनिकता कशी घडते वा आटते, हे दोन्हींतून दिसते. सोय बागेत आणताना तिचे फाटक बागेच्या फाटकापासून वेगळे ठेवले असते, तर हा प्रश्न बहुतांशी उद्भवला नसता.

६. कायद्यातील उद्यान

उद्यानांची उपेक्षा समजून घेण्यासाठी कायद्याकडेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ मध्ये नगरपरिषदेची कर्तव्ये आवश्यक व ऐच्छिक अशा दोन गटांत विभागली आहेत. उद्याने, ग्रंथालये, संग्रहालये व सभागृहे ही ऐच्छिक कर्तव्यांत येतात. म्हणजे बाग आणि सभागृह एकाच मर्यादित निधीवर अवलंबून असतात. बागेत सभागृह बांधण्याची कल्पना वारंवार का पुढे येते, याचे एक साधे उत्तर येथे मिळते : नवी जमीन संपादन करण्याची ऐपत नसलेल्या नगरपरिषदेला बाग ही हाताशी असलेली मोकळी जागा दिसते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यात उद्याने, बागा व क्रीडांगणे ही एक नोंद आहे आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना प्रोत्साहन ही तिच्या लगतची स्वतंत्र नोंद आहे. घटनेने या दोन जबाबदाऱ्या शेजारी ठेवल्या, एक केल्या नाहीत. एकीची पूर्तता दुसरीचे क्षेत्र घटवून करावी, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या १९९१ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय अवैध ठरविला. रुग्णालयही उपयुक्तच असते. परंतु मोकळी जागा ही रिकामी जागा नसून तिचा स्वतःचा सार्वजनिक उपयोग आहे, हे तत्त्व या निवाड्याने प्रस्थापित केले.

७. चाळीसगावसाठी या इतिहासाचा अर्थ

चाळीसगाव हे तितूर व डोंगरी या नद्यांच्या काठचे, मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील जंक्शन. १९०० साली धुळ्याचा फाटा सुरू झाल्यावर त्याचे महत्त्व वाढले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ९७,५०० होती. एक लाखाचा आकडा थोडक्यात हुकल्याने, २०१५ साली मुख्यतः एक लाखावरील शहरांसाठी आलेल्या ‘अमृत’ योजनेच्या कक्षेत ते आले नाही; त्या योजनेत हरित जागा व उद्याने यांसाठी स्वतंत्र घटक होता. २०२१ च्या ‘अमृत २.०’ मध्ये लहान शहरांनाही दार उघडले. निधीची शक्यता निर्माण होते तेव्हाच आराखडे घाईने होतात. म्हणून पूर्वविचार आताच व्हायला हवा. या शहराच्या दोन अनुभवांतून त्या विचाराला दिशा मिळू शकते.

पहिला अनुभव कलेचा. छायाचित्रकार व शिल्पकार केकी मूस (१९१२-१९८९) मुंबईत जन्मले, इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन परतले आणि सुमारे अर्धशतक चाळीसगावच्या स्थानकाजवळील आपल्या घरातच राहिले. ‘टेबल टॉप’ छायाचित्रणातील त्यांच्या प्रयोगांनी या तालुक्याच्या गावाला कलेच्या नकाशावर स्थान दिले. आज तेच घर कलादालन म्हणून ओळखले जाते. येथे कला आधी आली, दालन नंतर झाले. सांस्कृतिक केंद्राच्या आराखड्यात बहुधा उलट क्रम असतो : आधी इमारत, मग तिच्यात काय करायचे याचा शोध, आणि काही न सुचल्यास लग्नसमारंभांसाठी भाडे. ज्या शहरापाशी असा वारसा आधीच आहे, त्याने नव्या दालनाची पायाभरणी करण्यापूर्वी या दालनाशी उद्यान कसे जोडता येईल, याचा विचार करावा. राणीच्या बागेतील संग्रहालयाचे उदाहरण येथे थेट लागू पडते.

दुसरा अनुभव पाण्याचा. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने तितूर व डोंगरी नद्यांना महापूर आला. बाजारपेठेत व वस्त्यांत पाणी शिरले, शेकडो जनावरे वाहून गेली. नदीकाठच्या शहरात मोकळ्या मातीचे काम काय असते, हे त्या दिवशी कोणाला समजावून सांगावे लागले नाही. माती पाणी मुरवते, फरसबंदी ते पुढे ढकलते. अशा शहरात उद्यानातील प्रत्येक चौरस मीटर बांधकामाचा हिशेब विरंगुळ्याइतकाच पुराच्या दृष्टीनेही मांडला पाहिजे. खुला रंगमंच पायऱ्यांच्या हिरवळीवर होऊ शकतो. वाहनतळाला काँक्रीटच हवे असे नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) उद्यान व सांस्कृतिक सोय यांची सांगड ऐतिहासिकदृष्ट्या स्वाभाविक आहे. मात्र सोय उद्यानाच्या हेतूशी सुसंगत असली तरच ती टिकते.

(२) नवी वास्तू बांधण्यापूर्वी असलेल्या वास्तूंचे पुनरुज्जीवन हा पर्याय प्रथम तपासावा.

(३) विशेष सोयीला शुल्क असू शकते. पण ते त्या सोयीच्या दाराशी घ्यावे, उद्यानाच्या फाटकाशी नव्हे. झाडाखाली बसण्याला तिकीट असू नये.

(४) आराखडा मंजूर होण्यापूर्वी वृक्षांची गणना, बांधकामाचे व मोकळ्या जमिनीचे प्रमाण आणि देखभालीचा वार्षिक खर्च नागरिकांसमोर ठेवावा. खासगी सहभाग असल्यास कराराची मुदत व अटी जाहीर असाव्यात.

(५) सभागृहाचे भाडे, वेळा व आरक्षणाचे नियम ठरविताना शाळा, हौशी नाट्यसंस्था, वस्तीतील मंडळे यांना परवडेल असा स्वतंत्र दर असावा. बंद दार आणि न परवडणारे दार यांत वापरणाऱ्याच्या दृष्टीने फरक उरत नाही.

या कामात महाविद्यालयांना भूमिका आहे. राणीची बाग बचावली ती वृक्षांची माहिती आंदोलनापूर्वी व आंदोलनासोबत कोणीतरी जमविली म्हणून. वनस्पतिशास्त्र विभागाने शहरातील उद्यानांतील वृक्षांची नोंद करावी, इतिहास विभागाने त्या जागांच्या मौखिक आठवणी गोळा कराव्यात, भूगोल विभागाने पुराच्या पाण्याची पातळी नकाशावर उतरवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात बसेल एवढे हे काम आहे. आराखडा येईल त्या दिवशी शहरापाशी मत असेलच; त्याबरोबर माहितीही असली पाहिजे.

स्थानकापासून वस्तीपर्यंतचे ते अंतर १९२९ साली एका माणसाला पार करता आले नाही, कारण रस्त्यावरची सोय सर्वांची नव्हती. त्या प्रसंगाचे स्मरण आपण आदराने करतो. नव्या उद्यानाचा आराखडा हाती आल्यावर, यातील तांगा कोणाला मिळेल आणि कोणाला नाही, हा प्रश्न सर्वप्रथम विचारणे हा त्या स्मरणाचा नागरी अर्थ होय.